तळघरातील पाणी आणि उपसा पंप

नाशिक येथे गोदावरीला पूर आला, की लोकांची दृष्टी प्रथम रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीकडे वळते. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची येथील रीत जुनी आहे. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे मोठे पूर नाशिककरांच्या चांगले स्मरणात आहेत. ज्यांच्या घराला किंवा दुकानाला तळघर आहे, त्यांनी मात्र मारुतीला पाणी लागण्यापूर्वीच आपल्या उपसा पंपाची पाहणी केलेली असणे अगत्याचे आहे.

नाशिक परिसरात माती व मुरमाच्या थराखाली काळा कातळ लागतो. पावसाचे पाणी मुरमातून झिरपते, अखंड कातळावर अडते आणि वाट सापडेल तेथून तळघरात उतरते. म्हणून तळघराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात खड्डा करून त्यात पाणबुडी पंप बसवितात. खड्ड्यातील पाणी वाढले म्हणजे पंपाला जोडलेला तरंगता गोळा वर उचलला जातो व पंप आपोआप सुरू होतो. हा गोळा दोरीत वा भिंतीशी अडकला, तर चांगला पंपही मुका राहतो. पंप सुरू न होण्याचे हे एक नेहमीचे कारण होय आणि ते दूर करण्यास खर्च येत नाही.

अधिक बुचकळ्यात टाकणारी तक्रार म्हणजे, ‘पंप चालतो, पण पाणी हटत नाही’ ही होय. अशा वेळी नवा पंप आणण्याची घाई केली जाते. त्याऐवजी पंप थांबवून भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ मारावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. चार मीटर रुंद व पाच मीटर लांब तळघरात पातळी एक सेंटिमीटर वाढली, तर २०० लिटर, म्हणजे ताशी १,२०० लिटर पाणी आत येत आहे. नंतर पंप सुरू करून बाहेरच्या नळीखाली २० लिटरची बादली धरावी. ती दहा सेकंदांत भरली, तर पंप ताशी ७,२०० लिटर उपसतो. तीस सेंटिमीटर पाणी सुमारे तासाभरात निघावे. बादलीला पुरे एक मिनिट लागत असेल, तर येणारे व जाणारे पाणी सारखेच आहे आणि पातळी जागची हलणार नाही. जाळीत अडकलेला गाळ व प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा मुडपलेली नळी यांचा हा परिणाम असतो. शाळेच्या वरच्या वर्गात घालण्याजोगे हे गणित आहे.

बादली झटपट भरूनही पाणी कमी होत नसेल, तर उपसलेले पाणी जाते कोठे, हे पाहावे. नदीची पातळी नाल्यांच्या मुखांच्या वर गेली, की शहरातील पाणी नदीत उतरत नाही. सराफ बाजारासारख्या सखल भागात ते मागे तुंबते. अशा तुंबलेल्या गटारात नळी सोडल्यास तेच पाणी भिंतीलगत मुरून पुन्हा तळघरात येते. पंप थांबताच ते नळीतूनही उलटते. यासाठी नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवावी आणि नळीचे तोंड गटाराच्या पाण्यापेक्षा उंच, घरापासून उताराच्या बाजूस ठेवावे. शेजाऱ्याच्या दाराशी नव्हे, हेही सांगावयास हवे!

पाण्यात उतरण्यापूर्वी कोरड्या जागी उभे राहून वीज मुख्य स्विचपासून बंद करावी. स्विचपर्यंतच पाणी पोहोचले असेल, तर वीज कर्मचाऱ्यास बोलवावे. पूरकाळात खबरदारी म्हणून वीजपुरवठा खंडित केला जातो व विद्युत पंप ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. तेव्हा इंजिनाचा पंप वापरावा, परंतु इंजिन तळघरात कदापि नेऊ नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला गंध नसतो व बंद जागेत तो प्राणघातक ठरतो.

जुन्या वाड्यांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी. माती-विटांच्या भिंतीबाहेरील जमीन पाण्याने भरलेली असताना आतील पाणी एकदम उपसले, तर भिंतीवर केवळ बाहेरूनच दाब राहतो व ती आत ढासळू शकते. म्हणून पूर ओसरू द्यावा आणि खोल भरलेले तळघर दररोज साधारण एक तृतीयांश या बेताने रिकामे करावे. रात्रीतून पातळी पुन्हा चढलेली आढळल्यास उपसा थांबवून आणखी एक दिवस वाट पाहावी.