क्षीण सिग्नल, लांबचा पल्ला: एफटी-८ विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्जतमधल्या एखाद्या गच्चीवरून पाच-दहा वॅटचा हौशी रेडिओ संच साडेसहा हजार किलोमीटरवरच्या जपानशी किंवा जर्मनीशी संपर्क साधू शकतो, हे सांगितलं की काहींना ती थाप वाटते आणि काहींना जादू. दोघांच्याही मनात गैरसमज आहेत, आणि नवा परवाना हातात आलेल्या हॅमचे, म्हणजे हौशी रेडिओचालकाचे, कितीतरी महिने त्यांच्यापायी वाया जातात.

एफटी-८, डब्ल्यूएसपीआर या पद्धतींना क्षीण सिग्नलच्या डिजिटल पद्धती म्हणतात. त्यांच्यामागे जो टेलर हे खगोलशास्त्रज्ञ आहेत. रसेल हल्स यांच्याबरोबर त्यांनी १९७४ साली जोडताऱ्यातला पहिला पल्सार शोधला आणि त्या कामासाठी दोघांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अंतराळातून येणारी अतिक्षीण स्पंदनं नॉइजमधून वेगळी काढण्याचा अनुभव टेलर यांनी हौशी रेडिओत आणला. डब्ल्यूएसपीआर २००८ मध्ये आलं, आणि स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत केलेलं एफटी-८ २०१७ मध्ये. दोन्ही ज्यात चालतात ते ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला माथेरानचा डोंगर, मधून उल्हास आणि पाताळगंगा, शिवाय रेल्वे, द्रुतगती महामार्ग आणि खोपोलीच्या वीजवाहिन्या. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात स्टेशन उभारणाऱ्याला पुढचे गैरसमज हमखास भेटतात.

गैरसमज १: डोंगरांच्या खळग्यात राहून लांबचा संपर्क होत नाही.

वस्तुस्थिती: वॉकीटॉकीला डोंगर अडवतो, हे खरं. पण ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात त्या आकाशातून परतून. जमिनीपासून साधारण २५० ते ४०० किलोमीटरवर असलेला आयनावरणाचा एफ थर त्यांना खाली वळवतो. लहर सपाट कोनात निघाली तर एका उडीत तीन हजार किलोमीटरच्या आसपास जाते आणि जमिनीवरून किंवा समुद्रावरून परावर्तित होऊन पुढची उडी घेते.

आता डोंगर किती अडवतो ते मोजू. कर्जत स्टेशनच्या परिसरातून माथेरानचा माथा सुमारे नऊ किलोमीटर दूर आणि साडेसातशे मीटर उंच आहे. म्हणजे तो क्षितिजापासून साडेचार-पाच अंशांपर्यंतचंच आकाश झाकतो. घाटाच्या पायथ्याला चिकटलेल्या कोंदिवड्यासारख्या गावात हा कोन मोठा होतो आणि त्या दिशेला तोटा होतो, तरी बाकीच्या दिशा मोकळ्या राहतात.

खरी अडचण बहुतेकदा अँटेनाच्या उंचीची असते. १४ मेगाहर्ट्‌झचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना, टोकापासून टोकापर्यंत साधारण दहा मीटर लांब असतो. तो पाच मीटरवर टांगला तर त्याची बरीचशी शक्ती सरळ वर जाते. दहा मीटरवर नेला की मुख्य झोत तीस अंशांच्या आसपास उतरतो आणि त्याखालच्या कोनांनाही वाटा मिळतो. डोंगराला दोष देण्याआधी डायपोल वर चढवावा. मात्र वीजतारांपासून तो एवढा लांब हवा की तुटून पडला तरी त्यांना स्पर्श होणार नाही.

गैरसमज २: नॉइजखाली गाडलेला सिग्नल वाचणं ही संगणकाची किमया आहे.

वस्तुस्थिती: यात हिशेब आहे. एफटी-८ सुमारे उणे २१ डेसिबलपर्यंतचा सिग्नल वाचतं, पण हा आकडा २५०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातला सगळा नॉइज धरून दिलेला असतो. प्रत्यक्ष सिग्नल जेमतेम ५० हर्ट्‌झ जागा घेतो. त्यात आठ स्वर असतात, एकमेकांपासून ६.२५ हर्ट्‌झ अंतरावर, आणि एका वेळी एकच वाजतो. २५०० ला ६.२५ ने भागलं तर ४०० येतात, म्हणजे २६ डेसिबल. तेवढ्या अरुंद फटीतून पाहिलं तर तोच सिग्नल नॉइजच्या पाच डेसिबल वर असतो.

उरलेलं काम चूक सुधारणाऱ्या संकेताचं. संदेश फक्त ७७ बिटांचा. त्याला पडताळणीचे १४ आणि दुरुस्तीचे ८३ बिट जोडून १७४ बिट पाठवले जातात. काही स्वर विरले तरी बाकीच्यांवरून संदेश पूर्ण करता येतो. संदेश छोटा, पट्टा अरुंद आणि वेळ भरपूर, या तिन्हींच्या बदल्यात हा पल्ला मिळतो.

गैरसमज ३: शक्ती वाढवली की जास्त लांब ऐकू जातं.

वस्तुस्थिती: शक्ती दुप्पट केली की तीनच डेसिबल वाढतात. उलट, संगणकाचा ध्वनी गरजेपेक्षा मोठा ठेवला तर सेटचा एएलसी (शक्तीची पातळी आपोआप आवरणारी सोय) हलू लागतो, सिग्नल विकृत होतो आणि पट्ट्यात तुमच्या नावाच्या दोन-तीन खोट्या रेघा उमटतात. दूरच्या माणसाला त्याचा काही फायदा होत नाही आणि शेजारच्यांची जागा मात्र अडते.

ध्वनी इतका कमी करा की एएलसी हलणार नाही. सेटमधला कॉम्प्रेसर बंद ठेवा. ‘स्प्लिट’ची सोय चालू करा, म्हणजे पाठवला जाणारा स्वर १५०० ते २००० हर्ट्‌झच्या दरम्यान राहतो आणि त्याच्या पटीतले स्वर सेटच्या गाळणीबाहेर पडतात. आणखी एक गोष्ट म्हणजे, बोलताना शक्ती शब्दागणिक वर-खाली होते, पण एफटी-८ मध्ये १२.६४ सेकंद ती सलग पूर्ण असते. म्हणून शंभर वॅटचा सेट तीस-चाळीस वॅटवर चालवावा. मे महिन्यातल्या कर्जतच्या उकाड्यात तर नक्कीच.

गैरसमज ४: सॉफ्टवेअर गाळून घेतं, त्यामुळे घरच्या नॉइजने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती: सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. दूरचा सिग्नल तुमच्या अँटेनापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची गाठ तुमच्याच घरातल्या नॉइजशी पडते. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, स्वस्त चार्जर, सौरऊर्जेचे इन्व्हर्टर, राउटरचे ॲडॉप्टर हे सगळे रात्रंदिवस बारीक प्रक्षेपण करत असतात. बाहेर रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारा आणि घाटाखालून जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या असतात, आणि पहिल्या पावसात मळलेले इन्सुलेटर कडकडू लागतात.

उपाय साधा आहे. सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करून सेटवरचा सिग्नलचा मीटर बघा. काटा एस-७ वरून एस-४ वर आला, तर १८ डेसिबलचा नॉइज तुमच्याच घरातला होता. ऐकण्याच्या बाबतीत ही सुधारणा समोरच्याने आपली शक्ती साठपट करण्याइतकी मोठी आहे. मग एकेक सर्किट चालू करत दोषी उपकरण शोधा. संगणक आणि सेट यांच्यामधल्या यूएसबी तारेवर फेराइट चढवा, आणि कोॲक्स जिथे डायपोलला मिळते तिथे चोक लावा.

शांतता शोधणं ही या परिसरातली जुनी वैज्ञानिक परंपरा आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची मोजमापं बिघडणार होती, म्हणून १९०४ साली अलिबागला वेधशाळा सुरू झाली. सह्याद्रीपलीकडे, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या, त्यातही माणसांनी केलेला रेडिओ नॉइज तिथे कमी होता हे एक कारण होतं. क्षीण सिग्नल ऐकणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे आपली जागा शांत करणं, आणि ते काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

गैरसमज ५: हे सगळं इंटरनेटवरून चालतं.

वस्तुस्थिती: संपर्क केवळ रेडिओलहरींवर होतो. तुम्हाला कुणी कुठे ऐकलं याच्या नोंदी स्टेशनं इंटरनेटवर पाठवतात आणि त्या नकाशावर दिसतात, पण तो नंतरचा अहवाल असतो.

इंटरनेटची खरी गरज लागते घड्याळासाठी. एफटी-८ मध्ये प्रत्येक फेरी १५ सेकंदांची आणि सगळ्या जगाची फेरी एकाच क्षणी सुरू होते. संगणकाचं घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं की पडद्यावर रेघा स्पष्ट दिसतात, पण अक्षर उमटत नाही. पावसाळ्यात वीज आणि नेट एकदमच जातात. तेव्हा साधा यूएसबी जीपीएस रिसीव्हर वेळ जुळवून देतो. संगणकात भारतीय वेळ असायला हरकत नाही, टाइम झोन बरोबर हवा. नोंदी मात्र यूटीसीत होतात.

गैरसमज ६: लोकेटर तालुक्याप्रमाणे टाकला की झालं.

वस्तुस्थिती: लोकेटर म्हणजे स्टेशनच्या जागेचा संकेत, आणि तो अक्षांश-रेखांशावरून ठरतो. कर्जत, खालापूर आणि खोपोली ‘एमके ६८’ या चौकोनात येतात. पण १९ अंश उत्तर ही रेषा भिवपुरी रोड आणि नेरळ यांच्यामधून जाते, त्यामुळे त्याच कर्जत तालुक्यातलं नेरळ ‘एमके ६९’ मध्ये पडतं. चौकोन मोजून पुरस्कार मिळवणारे जगभर आहेत. त्यांच्यासाठी ही चूक गंभीर ठरते.

गैरसमज ७: एकही स्टेशन दिसत नाही, म्हणजे सेट बिघडला.

वस्तुस्थिती: आधी वेळ आणि पट्टा जुळतो का ते पाहा. ७.०७४ मेगाहर्ट्‌झवर लांबचा पल्ला सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत खुलतो. १४.०७४ दिवसा आणि संध्याकाळी चांगलं चालतं. २८.०७४ सूर्य सक्रिय असेल तेव्हा, भर दिवसा. सूर्याची सक्रियता सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते आणि त्याबरोबर वरचे पट्टे उघडतात, मिटतात. मे २०२४ मधल्या चुंबकीय वादळासारख्या दिवसांत उत्तम सेटही मुका वाटू शकतो. या घडामोडींचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था शेजारच्याच नवीन पनवेलमध्ये आहे.

अँटेना खरंच काम करते का हे पाहायचं तर डब्ल्यूएसपीआर वापरावं. दोन मिनिटांच्या फेरीत ते तुमचं कॉलसाइन, लोकेटर आणि शक्ती एवढंच पाठवतं. दिवसभरात कोणत्या दिशेला, किती अंतरावर आणि किती बळाने ऐकू गेलं ते नोंदींतून समजतं. अँटेनात बदल केल्यावर एका दिवसाच्या निकालावर जाऊ नका, काही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवून बघा.

गैरसमज ८: आपत्तीत हीच पद्धत कामी येईल.

वस्तुस्थिती: १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं भर पावसात डोंगर चढून गेली. अशा ठिकाणी किती माणसं अडकली, काय पाठवायचं, कुठून यायचं हे क्षणोक्षणी बोलावं लागतं. एफटी-८ च्या एका मोकळ्या संदेशात १३ अक्षरं मावतात. त्याच्या ठरलेल्या देवाणघेवाणीत कॉलसाइन, लोकेटर आणि सिग्नलचा अहवाल यांपलीकडे काही नसतं.

डोंगरातल्या मदतकार्याला लागतात हातातले व्हीएचएफ सेट आणि उंचावर बसून निरोप पुढे देणारा माणूस. घाटापलीकडे पुणे आणि खाली अलिबाग गाठायचं तर ७ मेगाहर्ट्‌झचा डायपोल मुद्दाम कमी उंचीवर बांधावा. शक्ती सरळ वर जाऊन छत्रीसारखी खाली उतरते आणि दिवसा आसपासचे जिल्हे आवाजाने जोडले जातात. लेखी मजकूरच हवा असेल तर एफटी-८ वर आधारलेलं ‘जेएस-८ कॉल’ आहे, पण तेही सावकाश चालतं. आपत्तीच्या तयारीत एफटी-८ ला गृहीत धरणं ही जिवावर बेतणारी चूक आहे.

गैरसमज ९: संगणकच सगळं करतो, माणूस नावापुरता.

वस्तुस्थिती: सुरू झालेल्या संपर्काचे टप्पे सॉफ्टवेअर दीड-दोन मिनिटांत ओळीने पार पाडतं. पण कुणाला हाक द्यायची, कोणता पट्टा निवडायचा, केव्हा थांबायचं हे परवानाधारक ठरवतो आणि प्रत्येक प्रक्षेपणाला तोच जबाबदार असतो. डीएक्ससीसी या हौशी रेडिओतल्या पुरस्काराच्या नियमांतही प्रत्येक संपर्क दोन्हीकडच्या माणसांनी त्या वेळी स्वतः सुरू केलेला असावा लागतो. भारतात परवाना मिळण्याआधी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. परवान्यात लिहिलेले पट्टे, शक्ती आणि प्रक्षेपणाचे प्रकार पाळावे लागतात.

स्टेशन उभारताना क्रम असा ठेवावा: आधी घर शांत करा, मग अँटेना वर चढवा, घड्याळ जुळवा, ध्वनीची पातळी उतरवा, आणि सगळ्यात शेवटी शक्तीचा विचार करा. हौशी रेडिओची आकाशातली जागा सगळ्यांच्या सामायिक मालकीची आहे. पाच वॅटमध्ये भागत असताना पन्नास वापरणारा माणूस ती जागा दुसऱ्याकडून हिरावतो. एफटी-८ चा पट्टा साधारण तीन किलोहर्ट्‌झचा आणि त्यात एकाच वेळी अनेक देशांचे संपर्क चालतात, ते प्रत्येकाने आपला सिग्नल अरुंद, स्वच्छ आणि वेळेवर ठेवला म्हणून. खळग्यातल्या कर्जतकराला लांबचा पल्ला गाठून देते ती हीच शिस्त, आणि ती पाळायला महागडा सेट लागत नाही.