मधुवंतीचा थाट कुठला?

पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, पेशाने वकील. १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभं राहिलं ते त्यांच्या खटपटीतून. माझी भाची तिथेच शिकते. तोंडी परीक्षेसाठी तिला रागांचे थाट, म्हणजे त्यांचे मूळ स्वरमेळ, घोकावे लागतात, म्हणून मी टेलिग्रामवर एक छोटा बॉट केला. रागाचं नाव टाका, तो थाट सांगतो. ‘प्रश्न’ लिहा, तोच उलट विचारतो.

बॉट म्हटलं की हल्ली सगळ्यांना चॅटजीपीटी आठवतं. माझ्या बॉटला तसली अक्कल नाही. एक यादी आणि चार नियम, बस्स. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाम यांची एलायझा नियमांवरच लोकांशी बोलायची. (त्याच वर्षी या महाविद्यालयाला भातखंड्यांचं नाव मिळालं, हा निव्वळ योगायोग.)

बॉट हॅस्केलमध्ये लिहिला. ही फंक्शनल भाषा. इथलं फंक्शन गणितातल्यासारखं, तेच आत घातलं की तेच बाहेर येणार. ‘टेलिग्राम-बॉट-सिंपल’ ही लायब्ररी बॉटही त्याच शिस्तीत लिहायला लावते. सुरुवातीची स्थिती काय, आलेल्या संदेशाचा अर्थ काय, त्यावर उत्तर काय आणि नवी स्थिती कोणती, एवढं आपण सांगायचं. टेलिग्रामच्या सर्व्हरशी बोलणं लायब्ररी बघते. टेलिग्रामच्याच बॉटफादरकडून टोकन तेवढं आणावं लागतं. ‘भीमपलासी विचारलाय, उत्तराची वाट बघतोय’ ही स्थिती कुठे लपून राहत नाही, आणि थाट शोधणारं फंक्शन नेट बंद असतानाही तपासता येतं.

पण गाव लखनौ! इथे कुणी खमाजही नुक्ता देऊन ‘ख़माज’ लिहितं. युनिकोडमध्ये हा ‘ख़’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: अख्खं एक अक्षर, किंवा ‘ख’ अधिक सुटा नुक्ता. डोळ्यांना फरक कळत नाही. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. म्हणून यादीत शोधण्याआधी नुक्ता पुसणारं फंक्शन लावलं. या शहरात राहून नुक्ते पुसायचे म्हणजे जिवावरच आलं.

बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी हे दहा थाट मी एक प्रकार म्हणून भाषेला सांगून ठेवले आहेत. थाटाचे स्वर सांगताना मारवा राहून गेला, तर इशारे चालू ठेवलेला कंपायलर नेमकं तिथेच बोट ठेवतो.

“मावशी, मधुवंती टाकू?” भाचीने विचारलं. गंधार कोमल, मध्यम तीव्र, बाकी शुद्ध. हा स्वरमेळ दहांपैकी एकाही थाटाचा नाही. पुस्तकं त्याला रूढीने तोडीत घालतात. हॅस्केलमध्ये अशा वेळी ‘मेबी’ कामी येतो: उत्तर असेल, नाहीतर ‘नथिंग’. पण मधुवंतीलाही ‘नथिंग’ आणि यादीत नसलेल्या रागालाही ‘नथिंग’, हे मला पटेना. मग तीन शक्यतांचा वेगळा प्रकार केला: थाट सापडला, थाटात बसत नाही, राग माहीत नाही. तिन्हींचं उत्तर लिहिल्याखेरीज कंपायलर कुरकुर थांबवत नाही. ग्राहकसेवेचे बॉट अडले की पुन्हा पहिलाच मेनू तोंडावर फेकतात. त्यांच्यात ही तिसरी शक्यता कुणी लिहिलेलीच नसते, असा माझा दाट संशय आहे.

आता मधुवंती विचारली की बॉट स्वर सांगतो, दहांत बसत नाही म्हणतो आणि रूढीने तोडी, असं जोडतो. भाचीच्या मते एवढं पाल्हाळ नको. परीक्षकांना ‘तोडी’ पुरतं.