कपाशीची वही

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. बाकी सगळी सरकी. त्या सरकीला आखूड, मऊ तंतूंची लव चिकटून राहते. सूत कातायला ती कुचकामी, पण कागदासाठी उत्तम, कारण कापसात सुमारे नव्वद टक्के सेल्युलोज असते आणि लाकडात जेमतेम निम्मे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी इथल्या बाजारांतून दरवर्षी कापसाच्या गाड्या जातात, तेव्हा त्यांत नुसते कापड नसते. त्यात एक अख्खी वही असते. पान कापसाचे, शिवणीचा दोरा कापसाचा आणि वरचे वेष्टनही कापसाचेच.

हाताने बांधलेली, कापडी वेष्टनाची वही या भागाला नवी नाही. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला अडत्यांच्या दुकानांत जिची पूजा होते ती लाल चोपडी याच घराण्यातली. रोजकीर्द आणि खतावणी कितीतरी पिढ्या तिच्यातच लिहिली गेली. तिचे लाल जाडेभरडे कापड म्हणजे खारवा. पूर्वी त्याचा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढत. 1869 मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेतला लाल रंग तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत आलीची शेती आणि तिच्यावर जगणारे रंगारी, दोन्ही मागे पडले. चोपडीचा लाल रंग मात्र टिकला. 5 जुलै 2019 रोजी निर्मला सीतारामन अर्थसंकल्पाची कागदपत्रे लाल कापडात गुंडाळून संसदेत घेऊन आल्या, तेव्हा त्या कापडाची ओळख कुणाला सांगावी लागली नाही.

जुन्या चोपडीची रचना पाहण्यासारखी आहे. तिला ताठ पुठ्ठा नाही. कापडाच्या आत जाड कागदाचे थर घालून पांढऱ्या दोऱ्याने त्यावर उभी-आडवी शिवण घालतात, त्यामुळे वेष्टन मऊ राहूनही झिजत नाही. पानांवर छापील रेघा नसतात. कागदाला उभ्या घड्या घालून त्या दाबल्या की जमा-खर्चाचे रकाने आपोआप उमटतात. सगळा भार मधल्या दोऱ्यावर असतो.

या वहीला लागणारा हातकागद महाराष्ट्रात जुना आहे. मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासूनची परंपरा दौलताबादजवळचे कागजीपुरा गाव सांगते. इंग्रजी अमदानीत गिरणीच्या स्वस्त कागदाने असे कारागीर देशोधडीला लागले. त्यांना पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न यवतमाळच्या शेजारीच, वर्ध्यात झाला. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत त्याचे काम पाहिले आणि हातकागद हा तिथल्या ठळक उद्योगांपैकी एक झाला. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. पुण्यात 1940 मध्ये के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था सुरू झाली.

या कागदाची कृती सोपी, पण घाईची नाही. होजिअरीच्या सुती कातरणी बारीक कापतात, पाण्याबरोबर बीटरच्या हौदात कुटून त्यांचा लगदा करतात. मग जाळीची चौकट लगद्याच्या पाण्यात बुडवून सपाट वर उचलायची, पाणी निथळू द्यायचे आणि ओला ताव कापडावर उलटा करायचा. तावांची चळत दाबयंत्राखाली पिळून निघते, ताव दोरीवर वाळतात आणि शेवटी रुळांतून गुळगुळीत होतात. शाई फुटू नये म्हणून खळ किंवा सरस लावावा लागतो. तो आम्लयुक्त असला तर पान काही वर्षांत पिवळे पडून तुटते, म्हणून जाणकार आधी हीच चौकशी करतात.

वहीची बांधणी घडीपासून सुरू होते. चार ताव एकात एक घालून दुमडले की एक फर्मा होतो: आठ पाने, सोळा पृष्ठे. असे आठ फर्मे घेतले तर 128 पृष्ठांची वही होते. प्रत्येक घडीवर आरीने सारख्या अंतरावर भोके पाडतात. जाड दोरा मेणावरून ओढून घेतात, म्हणजे तो गुंतत नाही आणि भोकात घट्ट बसतो. एक फर्मा शिवून झाला की टोकाला मागच्या फर्म्याच्या टाक्यात दोरा अडकवायचा आणि पुढे जायचे. दोरा ओढताना तो कागदाच्या पातळीत ओढायचा. वरच्या बाजूला हिसका बसला की भोक फाटते आणि वही तिथूनच खिळखिळी होते.

कापडाचे काम सगळ्यांत नाजूक. साध्या कापडाला थेट खळ लावली तर ती धाग्यांतून वर येऊन डाग पाडते. म्हणून कापड ओले करून उलट्या बाजूने काचेवर ताणून पसरतात आणि त्यावर खळ लावलेला पातळ कागद चिकटवून रात्रभर वाळवतात. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुन्या बांधणीकारांची पद्धत कसर आणि वाळवी लागू नये म्हणून आहे. मोरचूद विषारी असल्याने हात धुणे आणि भांडे वेगळे ठेवणे आलेच. मग दोन पुठ्ठे आणि कण्याची पट्टी कापडावर मांडतात. मधे जागा सोडली नाही तर वही उघडतच नाही, आणि जास्त सोडली तर वेष्टन लोंबते. कोपऱ्यावरचे कापड पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अंतर राखून तिरके कापतात, म्हणजे पुठ्ठ्याचे टोक उघडे पडत नाही. शेवटी अस्तराचा कागद चिकटवून वही रात्रभर वजनाखाली.

पुस्तकाला कापडी वेष्टन घालण्याची चाल युरोपात 1820 च्या दशकात लंडनच्या विल्यम पिकरिंग या प्रकाशकाने रुळवली. त्याआधी तिथे चामड्याचा मान होता. त्याच शतकात, 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ‘शकुंतला’ची अरुंद रेल्वेही कापसाच्या वाहतुकीसाठीच धावली. रुई बाहेर जायची, कापड परत यायचे.

आज हा क्रम उलटवणे अवघड नाही. वर्ध्याची मगन खादी सेंद्रिय कापसाचे, वनस्पतीच्या रंगांत रंगवलेले कापड विणते. यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडच्या कारखान्यात डेनिम तयार होते, आणि जाड विणीचे डेनिम पुठ्ठ्यावर छान बसते. आरी, दाभण, मेण, लाकडी दाबयंत्र आणि एक मोठे टेबल एवढ्यात बांधणीची खोली उभी राहते. हातकागद लगेच जिल्ह्यात बनला नाही तरी तो पुण्याहून किंवा कागजीपुऱ्याहून आणता येतो. बचतगटाच्या चारपाच जणी हे काम उचलू शकतात: एकीने फर्मे दुमडायचे, दुसरीने शिवायचे, तिसरीने कापडाला कागद चढवायचा. कण्याचा दोरा तुटला तर तीच वही उसवून त्याच भोकांतून पुन्हा शिवता येते, आणि हे दुरुस्तीचे कामही त्याच टेबलावर होते.