नव्या तबकडीवर जुना संसार

सातपुड्याच्या पायथ्याशीं, अचलपूरला लागून वसलेल्या परतवाड्यांत मे महिन्याचा उन्हाळा कसा असतो हें वऱ्हाडांतील माणसास सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारीं बाजारपेठ अर्धीं दारें ओढून घेते, आणि वीज मध्येंच गेली तर ती केव्हां येईल याचा नेम नसतो. अशा एखाद्या दुपारीं लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांतील संगणक सुरू करावा, आणि पडद्यावर नेहमींचें चित्र न येतां काळ्या पाटीवर एवढेंच उमटावें कीं, सुरू करण्याजोगी तबकडी सांपडत नाहीं! दुकानदाराच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो नव्या डिस्कच्या किंमतीचा. वास्तविक पहिला प्रश्न निराळा असावयास पाहिजे. जुन्या डिस्कवर जें लिहून ठेविलें होतें, त्याचें काय?

या प्रश्नाचें महत्त्व कळण्यासाठीं हार्ड डिस्क म्हणजे काय हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणिली. तिच्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवडंबरांत अक्षरें मावत तीं अवघीं ५० लक्ष. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें एक लाख कोटि अक्षरांची जागा असते. परंतु तत्त्व तेंच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि वाचणारें टोंक तिच्यावर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनहि कमी अंतरावर, अधांतरीं तरंगत असतें. अतिशय उष्णता, धक्का, किंवा लिहितां लिहितां वीज जाणें, यांपैकीं कशानेंहि हा नाजूक तोल बिघडूं शकतो. अलीकडच्या एस. एस. डी. नामक साठवणींत फिरणारा भाग नसतो. तथापि तीहि नाश पावते, आणि पुष्कळदां आवाजाची पूर्वसूचना न देतां नाश पावते.

परतवाडा हें मेळघाटच्या सागवानाच्या व्यापाराचें जुनें ठिकाण. त्यामुळें लाकडाच्या वखारीचा दृष्टांत येथील माणसास सहज पटेल. वखारींत ओंडक्यांच्या थप्प्या असतात; कोणता ओंडका कोणत्या थप्पींत आहे याची नोंदवही असते; आणि ती वही वाचून माल काढून देणारा एक कारकून असतो. डिस्कवरील लेख, हिशेब व छायाचित्रें हे ओंडके होत. त्यांच्या जागा सांगणारी यादी ही नोंदवही. आणि ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, हा तो कारकून. कारकून गेला तर तितकाच तरबेज दुसरा मिळतो. थप्पी जळाली तर तोच ओंडका पुन्हां मिळत नाहीं. डिस्क झटपट ‘फॉरमॅट’ करणें म्हणजे बहुधा नोंदवही फाडणें होय. ओंडके कांहीं काळ जागेवरच असतात, पण नवा माल त्यांच्याच जागीं रचला जाऊं लागतो. म्हणून चुकून पुसलेल्या डिस्कवर एक अक्षरहि नवें लिहूं नये.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधीं जुना माल वांचवावयाचा, मग नवा कारकून नेमावयाचा. जुनी डिस्क अडखळत कां होईना वाचतां येत असेल, तर तीवर दुरुस्तीचे प्रयोग न करतां, ती दुसऱ्या संगणकास जोडून प्रथम तिची संपूर्ण नक्कल काढावी. आंतून टक्‌टक् असा आवाज येत असेल तर वीज तात्काळ बंद करावी, कारण फिरण्याचा प्रत्येक मिनिट हानि वाढवूं शकतो. असें काम मग जाणत्या प्रयोगशाळेचें. कित्येक नव्या संगणकांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद असतो. विंडोजच्या अशा कुलपाची ४८ अंकांची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जपलेली असते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनहि वाचतां येत नाहीं.

यानंतर कार्यप्रणाली निवडावयाची. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि अकरावी आवृत्ति पुष्कळ जुन्या यंत्रांस आपल्या अटींमुळें स्वीकारीत नाहीं. अशा यंत्रांस लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणाली त्याच कुळांतील असून तींत भारतीय भाषांची सोय आहे. विंडोजच पाहिजे असेल तर केवळ डिस्क बदलल्यानें नवा परवाना विकत घ्यावा लागतो असें नाहीं. दहाव्या आवृत्तीपासून परवान्याची खूण मुख्यतः यंत्राच्या मदरबोर्डशीं जोडलेली असते. पूर्वींचाच प्रकार बसविला तर इंटरनेट मिळतांच ती बहुधा आपोआप ओळखली जाते.

प्रत्यक्ष बसविण्याचें काम त्या मानानें सोपें आहे. दुसऱ्या चालू संगणकावर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रणाली उतरवून ८ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर ती सिद्ध करावी. नवी डिस्क जोडतांना इतर सर्व डिस्का सोडवून ठेवाव्या. पडद्यावरील यादींत एकच नांव दिसलें म्हणजे चुकीची डिस्क पुसण्याचा धोकाच उरत नाहीं. मग यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू करून रिकामी जागा दाखवावी; विभाग पाडण्याचें काम प्रणाली स्वतः करते. मध्यें यंत्र बंद होऊन पुन्हां सुरू होतें, त्या वेळीं पेन ड्राइव्ह काढावयाचें विसरलें तर सर्व विधि पहिल्यापासून सुरू होतो, आणि नवखा मनुष्य बुचकळ्यांत पडतो. वऱ्हाडांतल्या उन्हाळ्यांत हें सर्व यू. पी. एस. जोडूनच करावें.

आतां पडदा उजळतो, आणि काम झालें असें वाटतें. मराठी लिहिणाऱ्याची खरी परीक्षा येथूनच सुरू होते. जुनी पत्रिका उघडावी तों गणपतीच्या चित्राखालीं मंगलवचनाच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन काला दिसतो! मजकूर नष्ट झालेला नसतो. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नव्या डिस्कवर नसला कीं सोंग उतरतें आणि खालचीं अक्षरें उघडीं पडतात. म्हणून जुन्या डिस्कवरून लेखांबरोबर फॉन्टांचा संग्रहहि उचलावा. कायमचा उपाय म्हणजे असा मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित करणें. १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीपासून युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक दिला आहे. त्यामुळें फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. रूपांतरानंतर जोडाक्षरें व रफार मात्र डोळ्यांखालून घालावे. नांवांत झालेली चूक पत्रिकेंत खपत नाहीं.

छपाईयंत्राचा ड्रायव्हर, हिशेबाचा कार्यक्रम आणि त्याचा साठा, हीं सर्व जागेवर आल्यावर एक जुनी पत्रिका व गेल्या वर्षाचें एक खातें उघडून खरोखर छापून पाहावें. तोंपर्यंत जुनी डिस्क टाकूं नये, विकूं तर नयेच. पुढें मात्र प्रत्येक महत्त्वाच्या लेखाच्या दोन नकला ठेवाव्या, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर, घरच्या कपाटांत असावी. एकाच छपराखालीं ठेवलेल्या दोन नकला एकाच आगींत जातात.

नवी डिस्क अमरावतीच्या बाजारांत मिळते, आणि कार्यप्रणाली एका दुपारींत बसते. संत्र्याच्या हंगामाचा हिशेब, एखाद्या कुटुंबानें मोठ्या विश्वासानें दिलेलीं वडिलांचीं छायाचित्रें, बारा वर्षांत जुळविलेला मजकूर, हें मात्र कोणत्याहि दुकानीं विकत मिळत नाहीं. दुरुस्तीस आलेल्या कारागिरास खर्च विचारण्यापूर्वीं दुकानदारानें एवढेंच सांगावें, “डिस्क पुसूं नका; आधीं नक्कल काढा.”