मानवसाहाय्यित प्रतिमा अभिज्ञान
छायाचित्रातील वस्तू ओळखण्याच्या कामी संगणक व मनुष्य यांची सांगड घालणारी पद्धत. संगणकाचा निर्णय जेथे अनिश्चित ठरतो, तेथे तो जवळच्या माणसाला प्रश्न विचारतो किंवा चित्र तज्ञाकडे पाठवितो. ही पद्धत भ्रमणध्वनीवरील अनुप्रयोगात (ॲपमध्ये) बसविल्यास ती प्रत्यक्ष शेतात वा रानात वापरता येते.

पूर्वेतिहास : २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी २०० पक्षिजातींच्या छायाचित्रांवर या पद्धतीचा प्रयोग केला. पक्ष्याच्या पोटाचा रंग, चोचीचा आकार यांसारखे साधे प्रश्न पाहणाऱ्याला विचारल्यास संगणकाची अचूकता वाढते आणि संगणकाच्या मदतीने प्रश्नांची संख्या कमी होते, असे त्यांना आढळले. पीकरोगांच्या बाबतीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्‌बोधक आहे. १४ पिके व २६ रोग यांच्या ५४,३०६ चित्रांवर शिकविलेल्या चेताजालाने (मेंदूतील पेशींच्या जोडणीवरून सुचलेल्या गणिती रचनेने) त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेली ९९ टक्क्यांहून अधिक चित्रे अचूक ओळखली. परंतु निराळ्या परिस्थितीत घेतलेल्या चित्रांवर हेच प्रमाण सु. ३१ टक्क्यांवर आले. मनुष्याच्या साहाय्याची गरज या तफावतीतून स्पष्ट होते.

वाशिम जिल्ह्यातील उदाहरण : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात शेती मुख्यतः कोरडवाहू असून सोयाबीन, तूर व कापूस ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. सोयाबीनचे पान पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात. पांढरी माशी पसरवीत असलेल्या पिवळ्या मोझॅक रोगात पानावर हिरवे-पिवळे अनियमित चट्टे दिसतात. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. खोडमाशीच्या उपद्रवात खोड उभे चिरल्यास आत नागमोडी लालसर पोखरण दिसते. छायाचित्रात मात्र ही तिन्ही पाने सारखी भासू शकतात. निदान चुकल्यास अनावश्यक फवारणीचा खर्च पदरी पडतो व खरे कारण तसेच राहते.

अशा वेळी अनुप्रयोगाने ‘पिवळेपणा वरच्या पानांवर आहे की खालच्या?’, ‘खोड चिरल्यास आत लालसर रेषा दिसते काय?’ असे प्रश्न विचारावयाचे असतात. खोडाच्या आत पाहण्याचे काम छायाचित्रक यंत्राला साधत नाही. शेतकऱ्याला ते सहज करता येते.

रचना : (१) चित्रसंग्रह : चित्रे प्रत्यक्ष शेतातील, निरनिराळ्या भ्रमणध्वनींवर व निरनिराळ्या उजेडात घेतलेली असावी लागतात. त्यांचे नामाभिधान वनस्पतिरोगतज्ञ वा कीटकशास्त्रज्ञ करतात. चाचणीसाठी वेगळ्याच शेतांतील चित्रे राखून ठेवतात; एकाच शेतातील चित्रे शिकवणीत व चाचणीतही आल्यास यश फसवे ठरते. (२) गणिती रचना : शेतात संपर्कजाल अनेकदा क्षीण असते, म्हणून चेताजाल भ्रमणध्वनीवरच चालेल इतके लहान करावे लागते. त्यातील संख्या ३२ ऐवजी ८ द्विमान अंकांत साठविल्यास तिचा आकार सु. एकचतुर्थांश होतो. (३) खात्रीची मर्यादा : ठराविक मर्यादेपेक्षा खात्री कमी असल्यास प्रश्न विचारले जातात, तरीही शंका उरल्यास चित्र व उत्तरे साठवून संपर्क मिळताच तज्ञाकडे जातात. मर्यादा फार वर ठेवल्यास तज्ञावर भार पडून ऐन हंगामात उत्तरास विलंब होतो. फार खाली ठेवल्यास चुका वाढतात. (४) पुनःशिक्षण : तज्ञाने दिलेले निदान संग्रहात समाविष्ट करून चेताजालाला पुन्हा शिकवितात.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात निरीक्षक शेतातील किडींची मोजणी नोंदवितात आणि तीवरून कृषी विद्यापीठांचे तज्ञ सल्ला देतात. वाशिम जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तिच्या अनुप्रयोगात छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे.

मर्यादा : प्रश्न शेतकऱ्याच्या बोलीतील शब्दांत नसतील, तर उत्तरे चुकतात आणि चुकीची उत्तरे निदानास आडवाटेला नेतात. शिकवणीत नसलेला नवा रोग संगणक जुन्याच एखाद्या नावाखाली घालतो; म्हणून ‘ओळख पटली नाही’ हेही एक वैध उत्तर मानावे लागते. कीड ओळखली गेली, तरी फवारणी करावी किंवा नाही हे तिच्या आर्थिक नुकसानपातळीवर अवलंबून असते आणि त्यासाठी शेतातील मोजणी आवश्यकच राहते.