क्षीण हृदयाची अखेरची शुश्रूषा

कर्करोगाची उतरण बहुधा एकाच दिशेने जाते. परंतु हार्ट फेल्युअरचा रुग्ण अत्यवस्थ होतो, अतिदक्षता विभागातून सावरून घरी परततो आणि पुन्हा खालावतो, त्यामुळे या खेपेसही तो परतेल या आशेवर आप्तेष्ट अखेरचा विषय लांबणीवर टाकीत राहतात. उपशामक शुश्रूषा म्हणजे उपचारांचा त्याग, हा समज चुकीचा आहे. फुप्फुसांतील पाणी उतरविणारी औषधे चालूच राहतात, कारण श्वास सुकर करण्याचे कार्यही तीच करतात. आणि एवढे करूनही घुसमट न शमल्यास, जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली दिलेली मॉर्फिनची अल्प मात्रा त्या रुग्णाला जो विसावा देते, तो केवळ धास्तीपायी त्याला नाकारणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

छातीत बसविलेल्या शॉक देणाऱ्या यंत्राचा विचार तर क्वचितच होतो. प्राणघातक स्पंदने थोपविण्याचे आपले काम ते मरणासन्न देहातही इमानेइतबारे करीत राहते, आणि रुग्णाला निष्कारण वेदनामय धक्के बसतात. ते शस्त्रक्रियेवाचून बंद करता येते, आणि बंद करताक्षणी मृत्यू येत नाही.

अखेरच्या उपचारांविषयीची आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते; सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. 2023 साली त्याची कार्यपद्धती सुलभ झाली, आणि आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. वाचकांनी हा दस्तऐवज शुद्धीत व स्वस्थ असतानाच करून ठेवावा, आणि घरच्यांना तो वाचून दाखवावा.