इंग्रजींत आपलें मत कसें मांडावें?

इंग्रजीच्या परीक्षेंत वर्णनपर निबंध आला तर आपले विद्यार्थी तो उत्साहानें लिहितात, गोष्टही कशीबशी तडीस नेतात; परंतु ‘तुमचें मत सकारण लिहा’ असा प्रश्न पुढें आला, कीं चांगल्या चांगल्यांची लेखणी अडते. हा प्रश्न टाळतां येण्याजोगा मात्र राहिलेला नाहीं. शाळेंतील इंग्रजीच्या अभ्यासांत मत व प्रतिमत लिहिण्याचा सराव असतो. आणि परदेशीं शिक्षणासाठीं जाऊं इच्छिणारे विद्यार्थी ज्या आय. ई. एल. टी. एस. परीक्षेला बसतात, तिच्या लेखनविभागांतील दुसरा प्रश्न बहुधा याच जातीचा असतो. त्याचें उत्तर किमान २५० शब्दांचें असावें लागतें, आणि त्यासाठीं सुमारें ४० मिनिटें द्यावींत असें सुचविलेलें असतें.

अशा वेळीं पालक मुलांस कठीण शब्दांच्या याद्या व तयार निबंधांचीं पुस्तकें आणून देतात, आणि मुलें तीं मुखोद्गत करतात. हेतु चांगला, पण उपाय चुकीचा. वरील परीक्षेंत गुण चार बाबींना सारखेच वांटलेले असतात : प्रश्नाला नेमकें उत्तर दिलें आहे काय, विचार क्रमानें व सुसंगत मांडले आहेत काय, शब्दसंपत्ति पुरेशी आहे काय, आणि व्याकरण शुद्ध व वाक्यरचना विविध आहे काय. यांपैकीं पहिल्या दोन बाबी मुख्यतः विचाराच्या आहेत. ज्यानें आपलें मत बनविलेंच नाहीं, त्याला तें मराठींतही लिहितां यावयाचें नाहीं; मग इंग्रजींत तें कोठून येणार? म्हणून आधीं मत बनवावें, मग विरुद्ध पक्षाला न्याय द्यावा, आणि शेवटीं साध्या इंग्रजींत लिहावें, हाच या प्रकारच्या निबंधाचा राजमार्ग आहे.

या मार्गानें आपल्याच प्रांतांतील एक थोर पुरुष गेलेला आहे. सन १८८२ मध्यें हिंदुस्थानांतील शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमण्यांत आला. त्या आयोगाकडे पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन इंग्रजींत लिहून पाठविलें. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. त्यांच्या हातीं सत्ता नव्हती, मोठी पदवीही नव्हती. परंतु ज्यांच्या हातीं सत्ता होती त्यांच्या भाषेंत आपलें म्हणणें मुद्देसूद मांडण्याचें सामर्थ्य होतें.

तें निवेदन विद्यार्थ्यांनीं लेखनाच्या दृष्टीनें अभ्यासण्याजोगें आहे. आरंभींच जोतीराव आपला अधिकार सांगतात : आपला अनुभव पुणें व आसपासचीं खेडीं एवढ्यापुरताच आहे, अशी मर्यादाही ते घालून घेतात. मग मुख्य विधान येतें, कीं बहुजनसमाजाच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड झाली आहे. शाळांची संख्या पूर्वीपेक्षां वाढली आहे, ही विरुद्ध बाजूची गोष्ट ते मोकळेपणानें मान्य करतात. आणि ती गरजेच्या मानानें अपुरी आहे, हें लगेच दाखवितात. सुमारें दहा लक्ष मुलांच्या शिक्षणाची कांहींच सोय नाहीं, हा आंकडा देतांना तो ऐकीव आहे हें सुचविण्यास ते विसरत नाहींत. शेवटीं उपाय येतात, तेही मोघम नव्हेत : निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें असावें, शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतील असावेत, त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, आणि अभ्यासांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचीं मूलतत्त्वें व आरोग्य यांचा समावेश असावा. अनुभव, विधान, प्रतिपक्षाचा मान, पुरावा व उपाय, एवढीं पांच अंगें ज्या निबंधांत आहेत, तो परीक्षेंत नापास व्हावयाचा नाहीं.

यांतील प्रतिपक्षाचा मान हें अंग आपले विद्यार्थी बहुधा गाळतात. विरुद्ध बाजूचा उल्लेख केला, तर आपली बाजू लंगडी पडेल, अशी त्यांना भीति वाटते. वस्तुतः ही रीत परकी नाहीं. आपल्याकडील शास्त्रकार सिद्धान्त सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडीत, आणि तो शक्य तितका बळकट करून मांडीत. कारण दुबळ्या पूर्वपक्षाचें खंडन करण्यांत पुरुषार्थ तो कोणता? शुभवर्तमानांतील निकदेमानेंही सभेंत हाच आग्रह धरला होता, कीं ज्याचें म्हणणें ऐकलें नाहीं त्याला दोषी ठरवूं नये.

आतां आपल्या जिल्ह्यांतीलच एक प्रश्न घेऊं. ‘भाव चढूं लागतांच सरकारनें कांद्याची निर्यात बंद करावी काय?’ लासलगांव-पिंपळगांवाकडील विद्यार्थ्यांना या विषयासाठीं पुस्तक उघडावयास नको. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्यावर ४० टक्के निर्यातकर बसविला, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्यें ती बंदी उठविली, आणि उरलेला निर्यातकर एप्रिल २०२५ पासून काढून टाकला. हें झालें वृत्त. मत म्हणजे या वृत्ताविषयींचा आपला न्याय.

समजा, विद्यार्थ्याचें मत बंदीच्या विरुद्ध आहे. त्यानें प्रथम पूर्वपक्ष असा मांडावा : शहरांतील मजुराच्या भाकरीबरोबर रोज कांदा लागतो, परदेशीं अधिक भाव मिळाला तर माल तिकडे जाईल आणि येथील गरिबाला तो परवडणार नाहीं, म्हणून सरकारनें मध्यें पडणें हें त्याचें कर्तव्यच आहे. हें म्हणणें खोटें नाहीं, आणि तें खोटें आहे असें भासवूंही नये. मग उत्तर द्यावें : भाव कोसळतात तेव्हां शेतकऱ्याचा तोटा त्याचा त्यालाच सोसावा लागतो, मग भाव चढले असतां तेवढी त्याचीच वाट कां अडवावी? शिवाय चाळींत सांठविलेला कांदा सडतो, तो सरकारी हुकूम बदलेपर्यंत थांबत नाहीं. आणि एकदां दुसऱ्या देशाकडे वळलेलें गिऱ्हाईक परत येईलच असें नाहीं. गरिबाला स्वस्त कांदा मिळावा हें खरें, पण त्यासाठीं हंगामांत सरकारनें माल विकत घेऊन टंचाईच्या वेळीं तो बाजारांत आणावा. असा सांठा सरकार करतेंही, तो अधिक करावा. एवढें लिहून झाल्यावर मर्यादाही सांगावी, कीं पीकच बुडाल्याच्या वर्षीं अल्पकाळ बंदी समर्थनीय ठरेल. दुसऱ्या विद्यार्थ्यानें याच्या नेमकी उलट बाजू घेतली, तरी त्यालाही पूर्ण गुण मिळूं शकतात. परीक्षक मत कोणतें तें पाहत नाहीं, तें कशाच्या आधारावर उभें आहे तें पाहतो.

वेळेची वांटणी अशी करावी. पहिलीं सहा-सात मिनिटें कच्च्या टिपणाला द्यावींत. प्रश्न दोनदां वाचावा. ‘कितपत सहमत आहांत’ असें विचारलें आहे, कीं ‘दोन्ही बाजूंची चर्चा करा’ असें सांगितलें आहे, हें नीट पाहावें. मग आपलें मत एका वाक्यांत लिहावें. तें एका वाक्यांत मावत नसेल, तर अजून तें पक्कें झालेलें नाहीं असें समजावें. निबंधाचे चार परिच्छेद पुरेत. पहिल्यांत विषय व मत, दुसऱ्यांत पूर्वपक्ष व त्याचें उत्तर, तिसऱ्यांत आपलें सर्वांत बळकट कारण, उदाहरणासह, चौथ्यांत निष्कर्ष. निष्कर्षांत नवा मुद्दा आणूं नये. शेवटचीं चार-पांच मिनिटें तपासणीसाठीं राखून ठेवावींत.

भाषेविषयीं थोडेंसें. मराठींत आपण ‘मी सहमत आहें’ म्हणतों, म्हणून पुष्कळ विद्यार्थी इंग्रजींत ‘आय् अ‍ॅम् अ‍ॅग्री’ लिहितात. तेथें ‘आय् अ‍ॅग्री’ एवढेंच हवें. तसेंच मराठींतील ‘विषयीं’ मनांत असल्यानें ‘डिस्कस्’च्या पुढें ‘अबाउट्’ घालण्याची चूक होते. ‘हाउएव्हर्’ किंवा ‘देअरफोर्’ हे शब्द शोभेचे नव्हेत. पहिल्यानें वळण व दुसऱ्यानें परिणाम दाखविला पाहिजे. तसें वळण नसेल, तर तो शब्द वाचकाला फसवितो. ‘सर्व’, ‘नेहमीं’, ‘कधींच नाहीं’ हे शब्द जपून वापरावेत. एक अपवाद दाखविला कीं अशीं विधानें कोसळतात. आणि न समजलेला भारदस्त शब्द योजण्यापेक्षां समजलेला साधा शब्द योजणें केव्हांही श्रेयस्कर.

प्रतिपक्षाला न्याय देण्याचें याहूनही मोठें उदाहरण आपल्या जिल्ह्याशीं जोडलेलें आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजीं सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. पुढच्याच वर्षीं लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठीं त्यांनीं जातिसंस्थेच्या उच्छेदावर इंग्रजींत अध्यक्षीय भाषण लिहिलें. त्यांतील मतें न रुचल्यानें मंडळानें परिषदच रद्द केली. तेव्हां बाबासाहेबांनीं तें स्वखर्चानें छापून काढलें. जातिसंस्था म्हणजे श्रमविभागच होय, हा विरोधकांचा युक्तिवाद त्यांनीं स्वतः त्यांत मांडून, ती श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असें उत्तर दिलें. महात्मा गांधींनीं ‘हरिजन’ पत्रांतून या भाषणावर टीका केली. सन १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तींत बाबासाहेबांनीं गांधीजींचे ते लेख आपल्या पुस्तकांत छापले, आणि त्यांपुढें आपलें उत्तर जोडलें. ज्याला आपल्या कारणांवर भरंवसा आहे, तो प्रतिपक्षाचे शब्द वाचकापासून लपवीत नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. हा निबंध शाळेच्या तासापेक्षां घरच्या जेवणाच्या वेळीं अधिक शिकतां येतो. मुलगा किंवा मुलगी आपल्याहून वेगळें मत बोलूं लागली, तर ‘गप्प बैस, तुला काय कळतें’ असें न म्हणतां ‘कशावरून म्हणतेस?’ असें विचारावें. आणि तिनें कारण दिल्यावर, ‘बरें, तुझ्या विरुद्ध बोलणारा काय म्हणेल?’ असेंही विचारावें. हे दोन प्रश्न ज्या घरांत रोज विचारले जातात, त्या घरांतील मुलाला तयार निबंधांच्या पुस्तकाची गरज भासत नाहीं. ही संवादाची संवय मराठींत लागली, तरी ती इंग्रजींत उपयोगी पडते.

अशा लेखनाचें फळ लगेच दिसतें असें मात्र नाहीं. जोतीरावांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्या वेळीं मान्य झाली नाहीं. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सन १९११ मध्यें केंद्रीय विधिमंडळांत तशाच उद्देशाचें विधेयक आणलें, तेंही १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. शेवटीं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्यें झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. जोतीरावांच्या निवेदनानंतर तोंवर १२७ वर्षें उलटलीं होतीं. परंतु तें कागदावर, कारणांसह, उतरलेलें होतें, म्हणून आजही तें वाचतां येतें व त्याचा न्याय करतां येतो. विद्यार्थ्यांनीं परीक्षेचीं ४० मिनिटें अवश्य साधावींत. पण आपण शिकत आहों ती विद्या त्याहून दूर जाणारी आहे, हें ध्यानांत ठेवावें.